तीन खोल्यांचं घर आणि शिकारी कुत्रं

बहात्तर वर्षांत माझ्या तोंडाला एकदाच कुलूप लागलं. ते लावलं माझ्या सुनेनं, आणि तेही एका कुत्र्यापायी.

आधी घर सांगतो, कारण सगळा घोळ घरापासूनच सुरू झाला. दुसरा माळा, तीन खोल्या, पुढं वीतभर गॅलरी. माणसं चार. मुलगा अंकुश उमरेडच्या कोळसा खाणीत, एसटीनं जातो-येतो. सून भावना धंतोलीत एका दवाखान्यात नर्स. दिवसभर घरात उरतो आम्ही दोघं : मी, आणि माझी बायको तुळसाबाई. तिच्या गुडघ्याचं मागल्या वर्षी ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिच्या हातात काठी आहे, आणि काठी आल्यापासून घरात तिचा शब्द आणखीच वजनदार झाला आहे.

मी कळमन्याच्या बाजारात छत्तीस वर्षं मापारी होतो. काट्याजवळ उभं राहायचं आणि धान्याची पोती तोलायची. तिथं ऐकणाऱ्यांची कमी नव्हती. एकदा तुरीच्या पोत्यातून जिवंत ससा निघाला, काट्यावर नीट बसला आणि वजन होईपर्यंत हललाच नाही, ही गोष्ट मी तिथं हजार माणसांना सांगितली असेल. रिटायर झालो आणि श्रोतेच संपले. तुळसाला माझं सगळं पाठ. मी "एकदा काय झालं..." म्हटलं की ती स्वयंपाकघरातून ओरडते, "ससा निघाला!"

म्हणून मला कुत्रं पाहिजे होतं. घरात सांगितलं, राखणीला. खरं म्हणजे मला ऐकणारा पाहिजे होता.

भावना शहाणी पोर. लगेच नाही म्हणाली नाही. दोन दिवस मोबाइलवर वाचत बसली आणि मग तिनं निकाल दिला.

"लॅब्रेडॉर आत्याबाईले लाडानं पाडन. पामेरियन भुंकून डोकं खाईन. हस्की तं एप्रिल लागला का नागपुरात उकडून मरन. मामाजी, पहिले जात समजू द्या, घराले जमते का पाहू, मंग आणू."

तुळसानं काठी आपटली. "हे बरं हाये! तुह्या आजेसासऱ्यानं छप्पन साली दीक्षाभूमीवरून येऊन उंबऱ्यात सांगतलं, आजपासून या घरात कोनी जात इचारायची नाही. अन् तू कुत्र्याले इचारून राहिली!"

"माणसाले नाही इचारत वं आत्याबाई," भावना हसत म्हणाली. "तुमच्या गुडघ्याले इचारून राहिली."

शहराबाहेर एक संस्था आहे, रस्त्यावरची, टाकून दिलेली कुत्री सोडवून सांभाळते. तिथली गार्गी नावाची मुलगी कुत्रं देण्याआधी घर पाहायला येते. आपण पोरीसाठी स्थळ पाहतो ना, तसंच. पंखा आहे का, पाणी कुठं ठेवाल, जिना किती पायऱ्यांचा, घरात दिवसभर कोण. हातात फॉर्म, कानामागं पेन.

एका बुधवारी ती आली. भावना ड्यूटीवर होती. गार्गीसोबत दोरीला एक कुत्रा. काय सांगू तुम्हाला! पांढरा इतका की खोलीतला बल्ब लाजून मंद झाला. पाय लांब, कंबर बारीक, नाक गुलाबी. नाव कापूस. तो आत आला, तुळसाकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसला. माझ्या तोंडाकडं टक लावून.

"काय गा कापूस," मी म्हणालो. त्यानं मान तिरकी केली.

मी हळूच सशाची गोष्ट काढली. पापणी न लववता त्यानं पूर्ण ऐकली. ससा निघाला तिथं मान उजवीकडं, वजन झालं तिथं मान डावीकडं. छत्तीस वर्षांत असा श्रोता मिळाला नव्हता. माझं काळीज असं उडालं की शर्टाचं वरचं बटन तुटून गॅलरीत गेलं.

आणि नेमकं तिथंच मी माती खाल्ली.

बाजाराचा एक रिवाज आहे. माल मनात भरला की आधी तोंड वाकडं करायचं. हरभरा सोन्यासारखा असला तरी मूठभर तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची आणि म्हणायचं, "किडका हाये." मग विकणारा चिडतो, मालाचे गुण गातो, तुम्ही आणखी नावं ठेवता, आणि असं करत करत सौदा जमतो. आवडलं असं जो आधी बोलला तो बुडाला. हे माझ्या हाडात मुरलेलं.

गार्गीनं विचारलं, "कसा वाटला काका?"

मी तोंड वाकडं केलं. "पाय पाहा याचे. हे कुत्र्याचे पाय हायेत का? लांडग्याचा वाण हाये हा."

ती दचकली. मला वाटलं, आता म्हणेल, नाही हो काका, फार गरीब आहे. ती काही बोलली नाही. म्हणून मी आणखी फुंकर मारली.

"माह्या आज्याजवळ असाच होता, पांढरा. एका सकाळी पाहतो तं बैलगाडी गायब! फक्त दोन चाकं राहिली, अन् हा बाजूले बसून ढेकर देऊन राहिला. बैल तीन दिवसानं सापडले. दोघंही कडुनिंबाच्या झाडावर चढून बसले होते, भेवानं."

"म्हणजे तुम्हाला आक्रमक वाटतो?"

"वाटते? अवो ताई, खिडक्या खाऊन टाकन हा!"

तिनं फॉर्मवर काहीतरी लिहिलं, एका चौकोनात खूण केली आणि पेनाला टोपण लावलं. "थँक्यू काका. खरं बोललात ते बरं केलंत."

हे वाक्य मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मला आनंदसुद्धा नीट करता आला नाही, कारण ती कुत्र्याची दोरी उचलत होती.

"आमच्या डॉक्टरांना वाटतं की हा राजपालयमचा मिक्स आहे," ती म्हणाली. "दक्षिणेकडची शिकारी जात. धावायला भरपूर जागा लागते, अनोळखी माणसांशी फटकून वागतात. तीन खोल्या, त्यात काकूंची काठी, मला शंका होतीच. आता तुम्हालाच भीती वाटते म्हणजे प्रश्न मिटला. काटोल रोडला एक फार्महाउस आहे, त्यांना राखणीला असाच हवाय."

ती निघाली. कापूस जिन्याच्या वळणावर थांबला आणि मागं वळून माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. मी कठड्यावरून ओरडलो, "अवो ताई, असं काहून करता? काही तं बोला! भाव तं सांगा!"

खालून आवाज आला, "काका, आम्ही कुत्री विकत नाही!"

संध्याकाळी भावना घरी आली तेव्हा तुळसानं तिला चपला काढू दिल्या नाहीत. "सुनबाई, तुह्या सासऱ्यानं कुत्र्याचा लिलाव मांडला. घेणाराही हाच, भाव पाडणाराही हाच."

भावनानं सगळं ऐकलं, माझ्याकडं पाहिलं, आणि जे पाहणं ती इंजेक्शनला पळणाऱ्या पेशंटसाठी राखून ठेवते तेच पाहिलं. मग फोन लावला, स्पीकरवर.

"पण काकांनीच सांगितलं," गार्गी म्हणत होती. "त्यांच्या आजोबांचे बैल झाडावर..."

"ताई, बैल झाडावर चढते का?"

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज. मग बारीक आवाजात, "मी ते लिहून घेतलंय."

भावनानं मापाऱ्याचा, फुंकरीचा, किडक्या हरभऱ्याचा सगळा रिवाज तिला समजावून सांगितला. गार्गी हसली, पण मऊ पडली नाही. फार्महाउसवाले सोमवारी कुत्रा न्यायला येणार होते. त्याआधी रविवारी ती कापसाला घेऊन आमच्याकडं पूर्ण दिवस बसेल, आणि त्याला हे घर झेपतं की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. यापुढं कोणाच्या सांगण्यावर ती विसंबणार नव्हती.

फोन ठेवून भावना माझ्याकडं वळली. "मामाजी, रविवारी तुम्ही तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. चहा पाहिजे असन तं हात दाखवा. तुम्ही बोलले का कुत्रं गेलं."

"अन् शिंक आली तं?"

"शिंका. पण त्या शिंकेची गोष्ट सांगू नका."

रविवार उजाडला. अंकुशची खाणीत पाळी होती. चौदा एप्रिल आठवड्यावर होता, जयंतीची तयारी सुरू झालेली, गल्लीत निळ्या पताका लागत होत्या. नऊ वाजता गार्गी आली, फॉर्म घेऊन. कापूस आला, तो थेट माझ्यासमोर बसला आणि तोंडाकडं पाहू लागला. माझं तोंड बंद. त्यानं मान तिरकी केली, वाट पाहिली. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पोटात गोष्टी अशा दाटल्या होत्या की पँटचा पट्टा दोन घरं सैल करावा लागला.

बोलता येत नाही म्हणून मी हातानं कारभार सुरू केला. बाजारात ट्रकचे हॉर्न, हमालांचा गलका, बोलीची ओरड, तिथं मापाऱ्याचा आवाज कोणाला ऐकू जातो? सगळं हातावर चालतं. तळहात वर केला की उचल. तळहात खाली दाबला की ठेव. मूठ म्हणजे थांब. दोन बोटं आपल्याकडं ओढली की आण पुढचं पोतं. माझे हात आपोआप त्याच भाषेत गेले. तुळसाला मूठ, भावनाला दोन बोटं. भावना पाण्याचा तांब्या घेऊन यायची, तुळसा मात्र म्हणायची, "मी पोतं नाही हाये."

आणि तेवढ्यात टपकला विश्वनाथ. हा माझ्यासोबत कळमन्यात मापारी होता, खालच्याच माळ्यावर राहतो. माझ्या मौनाची बातमी त्याला कोणी दिली ते मला माहीत आहे, तिच्या हातात काठी आहे.

"काय बे नत्थ्या, मुका झाला म्हणते?" तो माझ्याच खुर्चीवर बसला आणि गार्गीकडं वळला. "ताई, तुमाले एक गोष्ट सांगतो. एकदा काय झालं, माह्या काट्यावर तुरीच्या पोत्यातून ससा निघाला."

माझ्या काट्यावर! त्याचा काटा तर त्या वर्षी दुरुस्तीला गेला होता! मी चहाबरोबरचा टोस्ट दातात धरला आणि मूठ आवळली.

"मेलेला होता," विश्वनाथ म्हणाला. "फेकून देल्ला."

चांगल्या गोष्टीचा असा मुडदा पाडलेला मी आजवर पाहिला नव्हता. टोस्टचा भुगा झाला. मी तरी गप्प.

तिकडं परीक्षा सुरू झाली होती. गार्गीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "कापूस, ये!" तो आला नाही. भावनानं गोड आवाजात बोलावलं, नाही. मागून बिस्किटाचा पुडा वाजवला, तरी नाही. तो माझ्यासमोरच बसून होता.

"हट्टी आहे," गार्गी म्हणाली. "शिकारी जातीत असतं असं. काकूंच्या काठीत पाय अडकवून उभा राहिला आणि हाक मारूनही हलला नाही, तर?" तिनं लिहिलं. भावनाचा चेहरा उतरला.

इतक्यात खाली कोणीतरी फटाक्यांची लड पेटवली. काय तो आवाज! कॅलेंडर उडून थेट मे महिन्यावर गेलं. गार्गी किंचाळली, विश्वनाथनं चहा स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला. कापूस गॅलरीकडं पाठ करून बसला होता, तो तसाच.

"बघा, बघा! किती शूर आहे!" गार्गीचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

पण मी आयुष्यभर काटा पाहिलेला माणूस. गिऱ्हाइकाचं तोंड काहीही बोलो, मी काटा पाहतो. शूर कुत्रं पळत नाही, मान्य. पण कान? कान तरी वळतो की नाही? याचा कान केसभरही हलला नव्हता.

मी उठलो, त्याच्या मागं गेलो, स्टीलची ताटली उचलली आणि चमचा मारला. टण्ण! तुळसा ओरडली, "डोकं फिरलं का?" कापूस समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहत होता, मी कुठं गेलो म्हणून.

तो ऐकत नव्हता. बुधवारीही ऐकलं नव्हतं. माझा ससा, माझे बैल, एक अक्षर त्याच्या कानात गेलं नव्हतं. तो नुसता माझं हलणारं तोंड पाहत होता.

आता करावं काय? सांगावं, तर गार्गी म्हणेल, शिकारी आणि वरून बहिरा, काकूंजवळ नकोच. न सांगावं, तर या घरात किंवा त्या फार्महाउसवर कोणीतरी तो झोपलेला असताना मागून हात लावणार, तो दचकून चावणार, आणि मग त्याला चावरा म्हणून कुठं सोडतील देव जाणे. आणि सांगणार कोण? मी? बैल झाडावर चढवणारा?

मी त्याच्यासमोर आलो. मूठ दाखवली. तो जागच्या जागी थिजला. तळहात खाली दाबला. तो बसला, पोट टेकवून. दोन बोटं ओढली. उठून माझ्या गुडघ्याशी आला. सकाळपासून तो माझे हातच वाचत होता, कोणत्या खुणेला कोण काय करतं ते पाहत होता.

गार्गीचं पेन हवेतच राहिलं. "हे त्याला कोणी शिकवलं?"

भावना मात्र माझ्याकडं पाहत होती. नर्स आहे ती. ती हळूच कापसाच्या मागं गेली, एका कानाजवळ टाळी वाजवली, मग दुसऱ्या. "मामाजी, हा बहिरा हाये?"

मी मान डोलवली.

"अगं बाई," गार्गी खालीच बसली. "तिकडं चाळीस कुत्री एकदम भुंकतात, आमच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, पांढऱ्या राजपालयममध्ये असतं कधीकधी." तिनं फॉर्म उलटा केला. "मग तर अवघड आहे. फार्महाउसवाले बहिरा राखणदार ठेवणार नाहीत, आठ दिवसांत परत आणतील. आणि इथं..." ती तुळसाच्या काठीकडं पाहू लागली.

विश्वनाथ मांडी पुसायचं थांबला.

"मामाजी," भावना म्हणाली, "बोला आता. पण जसं हाये तसं."

सकाळपासून कोंडलेल्या हजार गोष्टी दाराशी धावून आल्या. मी त्यांना मूठ दाखवली.

"ताई," मी म्हणालो, "हा शिकारी असन, तं त्याले धावायले लागन. मी सकाळ-संध्याकाळ मैदानात नेईन, दोरीनं. मी धावू शकत नाही, अंकुश सुट्टीच्या दिवशी धावन. मोठ्या घरात हा हरवन, त्याले माणूस दिसन नाही अन् हाक ऐकू येईन नाही. इथं तीन खोल्या हायेत. कुठंही बसला तरी मी दिसतो. दिवसभर घरातच असतो मी, मले दुसरं काम नाही. झोपला असन तं मागून कोनी हात लावायचा नाही, समोरून जायचं. हे आमी पाळू." मी कापसाकडं पाहिलं. "मले ऐकणारा पाहिजे होता. हा ऐकत नाही. तरी मले हाच पाहिजे. फार आवडला मले."

विश्वनाथनं आ वासला. कळमन्यात मी असं बोललो असतो तर त्यानं मला डॉक्टरकडं नेलं असतं.

"काकू," गार्गीनं विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटणार?"

तुळसा खुर्चीतून उठली. कापूस तिच्याकडं पाठ करून बसला होता. तिनं काठीनं जमिनीवर दोनदा ठोकलं. फरशी हादरली तशी कापसाची मान झटकन वळली. तो उठला, तिला जायला वाट दिली आणि बाजूला उभा राहिला.

"फरशीतून समजते त्याले," तुळसा म्हणाली. "म्या ठोकलं का तो सरकन. अन् भेव कायचं, पोरी? पन्नास वर्षं मी या माणसाचं ऐकून राहिली. कानाचा आराम असलेला एक तं जीव येऊ दे घरात. हुशार हाये तो."

गार्गी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. जुना फॉर्म तिनं फाडला, नवा काढला. आधी एक महिना, दर रविवारी ती स्वतः येऊन पाहणार, मग कायमचा. घराला जात जमते का, या प्रश्नापुढं तिनं किती वेळ पेन धरून ठेवलं म्हणता! शेवटी लिहिलं, 'या घराला हा कुत्रा जमतो.' भावनानं सही केली. मला कोणी सही मागितली नाही. माझी सही खरी मानतील की नाही, अशी शंका असावी.

संध्याकाळी मी कापसाला दोरी लावून खाली नेलं. पताकांखाली सगळी गल्ली जमली. "काय जात हाये काका?" "केवढा पांढरा!" "चावते का?" दिवसभराचा उपाशी माणूस मी, समोर पंचवीस माणसं, सगळ्यांचे कान शाबूत. मी ओट्यावर उभा राहिलो.

"आयका," मी म्हणालो, "याचा पणजा राजाच्या पालखीपुढं धावत होता. एवढा उंच!" आणि तळहात वर केला.

कापूस टुणकन उठला.

"एकदा राजावर वाघ आला, तं यानं त्याले असा दाबला..." तळहात खाली. कापूस धपकन बसला.

"वाघ म्हणाला, थांब!" मूठ. कापूस दगड. "राजा म्हणाला, इकडं ये!" दोन बोटं. कापूस उडी मारून ओट्यावर, माझ्या छातीला पाय लावून.

गल्ली हसून लोळली. वाघाचं पुढं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. सगळे ओरडत होते, "पुन्हा करा काका, पुन्हा करा!" आणि माझे हात थांबतात का! गोष्ट हातांशिवाय सांगता येते का कोणाला? मी बोलत राहिलो, तो उठत-बसत राहिला, टाळ्या त्याला पडत राहिल्या.

आता मी खाली गेलो की हात पाठीमागं बांधून गोष्ट सांगतो. पण वाघ आला की एक हात सुटतोच.